कर्नल ऑल्कॉट आणि आनंद विद्यालय

श्रीलंकेतील कोलंबो शहरात फोर्ट रेल्वे स्थानकासमोर एका दाढीवाल्या गोऱ्या माणसाचा पुतळा आहे. हा माणूस श्रीलंकेचा नव्हता, तेथे राज्य करणारा इंग्रजही नव्हता. तो अमेरिकन होता. त्याचे नाव कर्नल हेन्री स्टील ऑल्कॉट. एका परदेशी माणसाला तेथील लोकांनी एवढा मान का दिला?

ऑल्कॉट यांचा जन्म २ ऑगस्ट १८३२ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात झाला. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले तेव्हा ते सैन्यात गेले. लष्कराला माल पुरवणारे काही व्यापारी सरकारला फसवत असत. त्यांची लबाडी शोधून काढण्याचे काम ऑल्कॉट यांनी निर्भयपणे केले. युद्धानंतर ते वकील झाले. १८७५ साली न्यूयॉर्कमध्ये थिऑसॉफिकल सोसायटी ही संस्था स्थापन झाली. सर्व माणसांत बंधुभाव वाढवणे आणि निरनिराळ्या धर्मांचा अभ्यास करणे हे तिचे हेतू होते. ऑल्कॉट तिचे पहिले अध्यक्ष झाले.

१८७९ साली वकिली व मायदेश सोडून ते मुंबईला आले. गिरगावात त्यांनी संस्थेची कचेरी उघडली. मुंबईहून ते मे १८८० मध्ये श्रीलंकेला गेले आणि तेथे त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला.

त्या वेळी श्रीलंकेवर इंग्रजांचे राज्य होते. इंग्रजी शिकल्याशिवाय चांगली नोकरी मिळत नसे आणि इंग्रजी शाळा बहुतेक मिशनऱ्यांच्या हाती होत्या. तेथे बौद्ध मुलांना आपल्या धर्माचे शिक्षण मिळत नसे. मुलाला शिकवावे तर तो आपल्या धर्मापासून दूर जाईल आणि न शिकवावे तर तो मागे राहील, अशी आईबापांची कोंडी झाली होती. शिक्षणासाठी कोणालाही आपला धर्म सोडावा लागू नये, असे ऑल्कॉट यांना वाटले.

त्यांनी बौद्ध शाळांसाठी निधी उभारण्याचे ठरवले. १८८१ साली ते बैलगाडीतून गावोगाव फिरले. ठिकठिकाणी त्यांनी सभा घेतल्या आणि लोकवर्गणी जमवली. त्याच वर्षी मुलांना समजेल अशा सोप्या प्रश्नोत्तरांच्या रूपात त्यांनी बौद्ध धर्मावर एक पुस्तक लिहिले.

१ नोव्हेंबर १८८६ रोजी कोलंबोच्या पेटा भागात मुलांसाठी बौद्ध इंग्रजी शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी फक्त ३७ मुले होती. मुले वाढली, जागा अपुरी पडू लागली, म्हणून १८८८ मध्ये शाळा दुसऱ्या इमारतीत नेली. पण अडचणी संपल्या नाहीत. आधीच्या शाळेपासून पाव मैलाच्या आत असलेल्या नव्या शाळेला सरकारी अनुदान मिळत नसे. मिशनऱ्यांच्या शाळा जागोजागी होत्या, त्यामुळे हा नियम बौद्ध शाळांना फार जाचक ठरला. अखेर तुडोर राजपक्ष या दानशूर गृहस्थांनी मरदाना भागात जमीन दिली. १८९५ साली शाळा तेथे गेली. गौतम बुद्धांच्या आनंद या शिष्यावरून तिला आनंद विद्यालय हे नाव मिळाले.

पुढे या शाळेची कीर्ती सर्वत्र पसरली. टी. बी. जाया हे मुस्लिम शिक्षक या शाळेत शिकवत होते. १९२१ साली ते कोलंबोतील झाहिरा कॉलेज या मुस्लिम शाळेचे प्राचार्य झाले आणि त्यांनी ती शाळा नावारूपाला आणली. १९६१ साली आनंद विद्यालय सरकारच्या ताब्यात आले. आज तेथे हजारो मुले शिकतात.

ऑल्कॉट यांचे कार्य एका शाळेपुरते नव्हते. कँडी येथील धर्मराज आणि गॉल येथील महिंद या शाळाही त्यांच्याच चळवळीतून उभ्या राहिल्या. मद्रासजवळ अड्यार येथे १८९४ साली त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मोफत शाळा काढली. त्या काळी या मुलांना शाळेचे दार बंद होते. १७ फेब्रुवारी १९०७ रोजी अड्यार येथेच त्यांचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रांनो, ऑल्कॉट यांनी परक्या देशातील मुलांना आपले मानले. ३७ मुलांसाठी लावलेले ते रोपटे आज मोठा वृक्ष झाले आहे. त्याच्या सावलीत बसलेल्या मुलांना ते आजही परके वाटत नाहीत.