उसन्या वेळेतले सूर

फेब्रुवारी १९९१मध्ये ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बॅण्डचा ‘इन्युएन्डो’ हा अल्बम प्रकाशित झाला आणि ब्रिटनच्या विक्रीयादीत थेट अग्रस्थानी जाऊन बसला. तो हाती घेणाऱ्या रसिकांना एका गोष्टीचा पत्ता नव्हता. त्यातली गाणी गाणाऱ्या फ्रेडी मर्क्युरीचे दिवस भरत आले होते. शब्दापेक्षा सूचनेवर भर देणारे ते शीर्षक किती अर्थपूर्ण होते, हे कळायला नोव्हेंबर उजाडावा लागला.

फ्रेडीचे मूळ नाव फारोख बलसारा. ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये एका पारशी कुटुंबात त्याचा जन्म झाला. वडील ब्रिटिश वसाहत सरकारच्या सेवेत होते. वयाच्या आठव्या वर्षी त्याला शिक्षणासाठी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत धाडण्यात आले. घरापासून हजारो मैल दूर असलेल्या या मुलाला तिथे पियानोची सोबत मिळाली, शाळासोबत्यांबरोबर त्याने ‘द हेक्टिक्स’ नावाचा बॅण्ड काढला आणि फारोखचा ‘फ्रेडी’ही तिथेच झाला. १९६४च्या झांझिबारमधील क्रांतीनंतर बलसारा कुटुंब इंग्लंडला स्थलांतरित झाले. लंडनच्या ईलिंग कला महाविद्यालयात ग्राफिक डिझाइन शिकलेल्या फ्रेडीने १९७०मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्या साथीने ‘क्वीन’ची उभारणी केली. पुढच्या वर्षी जॉन डीकन येऊन मिळाला आणि चौकडी पूर्ण झाली.

१९७५च्या ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ या सुमारे सहा मिनिटांच्या गाण्याने रॉक आणि ऑपेरा यांना एकत्र नांदवले. १३ जुलै १९८५ रोजी वेम्बलीवरील ‘लाइव्ह एड’ मैफलीत अवघ्या वीसेक मिनिटांत त्याने अफाट जनसमुदाय मुठीत घेतला. मात्र ९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थ येथे झालेली मैफल त्याच्यासह ‘क्वीन’ची अखेरची ठरली. १९८७मध्ये त्याला एड्सचे निदान झाले. त्या काळी हे निदान म्हणजे जवळपास मृत्युदंडच होता.

रंगमंच सुटला तसा फ्रेडीने स्टुडिओ जवळ केला. ‘इन्युएन्डो’चे ध्वनिमुद्रण १९८९च्या वसंतात सुरू होऊन १९९०च्या अखेरीपर्यंत लंडनमध्ये आणि स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे चालले. नाताळच्या हंगामात अल्बम आणण्याचा मूळ बेत त्याच्या ढासळत्या प्रकृतीमुळे लांबणीवर पडला. तरीही कामात तडजोड नव्हती. शीर्षकगीत साडेसहा मिनिटांचे होते आणि त्यात ‘येस’ बॅण्डच्या स्टीव्ह हाउ यांनी स्पॅनिश गिटारची साथ केली. गाण्यांचे श्रेय व्यक्तीला न देता चौघांना एकत्र देण्याचा, ‘द मिरॅकल’पासूनचा प्रघातही कायम राहिला. ‘द शो मस्ट गो ऑन’ या गाण्याची बांधणी प्रामुख्याने मे यांची. त्यातले उंच स्वर अशक्त फ्रेडीला पेलतील का, अशी शंका त्यांना होती. मे यांच्या आठवणीनुसार, व्होडकाचा घोट घेऊन तो माइकसमोर उभा राहिला आणि ते गाणे त्याने लीलया पेलले.

मे १९९१मध्ये चित्रित झालेल्या गाण्यात तो अखेरचा कॅमेऱ्यासमोर आला. कृष्णधवल चित्रणातूनही त्याची कृशता लपली नाही. वृत्तपत्रांतून तर्कांचे पेव फुटले, पण त्याने मौन सोडले नाही. आजाराची जाहीर कबुली त्याने २३ नोव्हेंबर १९९१ रोजी दिली आणि दुसऱ्याच दिवशी लंडनमधील राहत्या घरी वयाच्या ४५व्या वर्षी त्याचे निधन झाले. झरथुष्ट्री धर्मविधींनी त्याला निरोप देण्यात आला.

हे मौन आधी सुटते, तर एड्सविषयीच्या जनजागृतीला केवढे बळ मिळाले असते, असा आक्षेप त्या वेळी घेतला गेला. तो अगदीच गैरलागू नव्हता. परंतु कबुलीनंतर त्याच्या प्रत्येक सुरावर सहानुभूतीची सावली पडली असती, हेही तितकेच खरे. आपले गाणे रुग्णाचे म्हणून नव्हे, तर गायकाचे म्हणून ऐकले जावे, एवढा अवधी त्या मौनाने त्याला मिळवून दिला. अल्बमनंतरही तो माँत्रोत शक्य तेवढे गात राहिला. ते सूर घेऊन सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९९५मध्ये ‘मेड इन हेवन’ प्रकाशित केला. त्यातल्या ‘मदर लव्ह’चे अखेरचे कडवे फ्रेडीकडून राहून गेले होते. ते ब्रायन मे यांनी गायले.