तोफनौकेवरचे खोगीर

दरवर्षी अकरावीच्या तुकडीला मी एक जुने व्यंगचित्र दाखवतो. पाण्यात एक चिलखती युद्धनौका उभी आहे. तिच्या शिडाच्या आडव्या दांड्यावर खोगीर कसले आहे, आणि त्या खोगिरावर बसून एक सेनापती दुर्बिणीतून किनाऱ्यावरची लढाई बघतो आहे. मुले मनसोक्त हसतात. मग मी सांगतो, हा गृहस्थ वेस्ट पॉइंटमधून १८४६ साली ५९ जणांत दुसरा आला होता. हसणे जरा कमी होते.

त्याचे नाव जॉर्ज मॅक्लेलन. जन्म फिलाडेल्फियात, १८२६ चा. पंधराव्या वर्षीच तो वेस्ट पॉइंटला दाखल झाला. मेक्सिकोच्या युद्धात इंजिनिअर म्हणून राबला, पुढे क्रिमियाचे युद्ध अभ्यासायला युरोपात गेला. परत आल्यावर त्याने घोडदळासाठी नवे खोगीर तयार केले आणि १८५९ मध्ये अमेरिकन सैन्याने ते स्वीकारले. चित्रातल्या खोगिराची मेख बहुधा इथेच आहे. आपल्याकडे रायडिंग करणाऱ्या कॅडेटना ती लगेच कळते.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली. बुल रनच्या पराभवानंतर विस्कळीत झालेल्या सैन्याची घडी बसवायला लिंकनने मॅक्लेलनला वॉशिंग्टनला बोलावले. ते काम त्याने उत्तम केले. कवायत, रसद, तंबू, शिस्त, सगळे जागेवर आणले. जवान त्याच्यावर जीव टाकत. नोव्हेंबरमध्ये तो सरसेनापती झाला तेव्हा वय होते अवघे ३४.

खोट होती ती एकच, पण मोठी. शत्रू आपल्यापेक्षा संख्येने कितीतरी जास्त आहे असे त्याला कायम वाटे. मार्च १८६२ मध्ये शत्रूने सेंटरव्हिल सोडले, तेव्हा तिथल्या काही तोफा म्हणजे काळे रंगवलेले ओंडके निघाले. वर्तमानपत्रांना आयतेच कोलीत मिळाले. पुढे लाखाहून अधिक सैन्य घेऊन तो यॉर्कटाउनसमोर महिनाभर अडून बसला. समोरची फौज फारच लहान होती. तीच माणसे पुन्हा पुन्हा फिरवून ती मोठी असल्याचे भासवले जात होते.

त्या काळी छापखान्यांची चंगळ होती. व्यंगचित्रे सुट्या कागदांवर निघत, पत्रांच्या पाकिटांवरही छापली जात. न्यूयॉर्कच्या करिअर अँड आइव्ह्ज या छापखान्याने १८६४ मध्ये, मॅक्लेलन लिंकनविरुद्ध निवडणुकीला उभा असताना, हे खोगिराचे चित्र काढले. गंमत अशी की त्याच छापखान्याने मॅक्लेलनच्या बाजूचेही चित्र विकले. धंदा तो धंदा!

चित्र खरे किती? त्यात मॅल्व्हर्न हिलची लढाई आहे, १ जुलै १८६२ ची. त्या दिवशी मॅक्लेलन गॅलेना नौकेवरून पुढच्या तळाची जागा बघायला गेला होता. दुपारी परतला, पण लढाईपासून दूरच्या टोकाला. ती लढाई त्याच्या तोफखान्याने जिंकली. माझ्या मते आदला दिवस अधिक वाईट. ३० जूनला ग्लेनडेलला त्याच्या तुकड्या जिवाच्या आकांताने लढत होत्या, एकत्र हुकूम देणारा कोणी मागे ठेवलेला नव्हता, आणि सेनापती गॅलेनावर जेवत होता.

सप्टेंबरमध्ये तीन सिगारींभोवती गुंडाळलेला लीचा गुप्त हुकूम त्याच्या जवानांना सापडला. एवढी संधी क्वचित कोणाला मिळते. अँटिटमला एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे २३,००० जण मेले, जखमी झाले वा बेपत्ता झाले. ली मात्र निसटला. नोव्हेंबरमध्ये लिंकनने मॅक्लेलनला पदावरून दूर केले.

निवडणुकीत त्याला २१ निर्वाचक मते मिळाली, लिंकनला २१२. कित्येक राज्यांनी जवानांना छावणीतूनच मतदानाची सोय दिली होती. त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश मतांनी लिंकनला निवडले. मला चित्रापेक्षा हेच अधिक झोंबते. पुढे तो न्यू जर्सीचा गव्हर्नर झाला आणि १८८५ मध्ये ५८ व्या वर्षी वारला.

गेल्या वर्षी एका कॅडेटने विचारले, पुढच्या तळाची जागा बघणे हेही सेनापतीचेच काम नाही का? मी म्हटले, आहे. पण ते दुसऱ्या कोणाला सोपवता आले असते का, ते नकाशावर दाखव. तो फळ्यापाशी गेला, नदी काढली, टेकडी काढली, आणि नौका कुठे काढायची यावर वर्गात वाद सुरू झाला. तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठले नाही.