हेन्री हंटिंग्टन: ट्राम चालवून जमिनी विकणारा माणूस

अ‍ॅप फुकट असलं, की कंपनीची कमाई दुसरीकडूनच होत असते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमध्ये एका माणसाने हीच आयडिया शंभरेक वर्षांपूर्वी रुळांवर चालवली होती.

हेन्री हंटिंग्टन यांचा जन्म १८५० चा, न्यूयॉर्क राज्यातला. काका कॉलिस हे सदर्न पॅसिफिक रेल्वेचे सर्वेसर्वा. त्यांच्याच हाताखाली हेन्री हा धंदा शिकले. १९०० मध्ये काका वारले, पण कंपनीची सूत्रं काही पुतण्याकडे आली नाहीत. लॉस एंजेलिस शहरातल्या पिवळ्या ट्राम त्यांनी आधीच घेतल्या होत्या. १९०१ मध्ये त्यांनी आसपासच्या गावांना जोडणाऱ्या लाल ट्रामची 'पॅसिफिक इलेक्ट्रिक' काढली.

ही ट्राम चालायची कशी? वर विजेची तार, टपावर दांडा. तारेतली वीज दांड्यातून मोटरला मिळायची आणि चाकांतून रुळात उतरून परत जायची. म्हणजे रूळ हीच सर्किटची दुसरी वायर! घोड्यांच्या ट्रामपेक्षा वेग कितीतरी जास्त, त्यामुळे शहरापासून लांब राहणंही जमू लागलं.

खरी गंमत इथेच आहे. मोकळी जमीन स्वस्तात घ्यायची, तिथे ट्राम न्यायची आणि भाव चढला की प्लॉट पाडून विकायचे. हंटिंग्टन बीच हे गाव तर त्यांच्याच नावाचं. ऐन भरात लाल ट्रामचे रूळ दीड हजार किलोमीटरच्या वर गेले, पण तिकिटांतून फारसं सुटत नव्हतं.

१९११ पर्यंत त्यांनी लाल ट्राम सदर्न पॅसिफिकला देऊन टाकली, पिवळी तेवढी ठेवली. पुढे दुर्मिळ पुस्तकं आणि चित्रं जमवली, सॅन मरिनोला मोठं ग्रंथालय उभारलं. १९२७ मध्ये ते वारले.

तोवर रस्ते मोटारींनी भरले होते आणि त्याच गर्दीत ट्राम अडकत होती. विकायला प्लॉटही उरले नव्हते, मग तोटा भरणार कोण? एकेक मार्ग बसकडे गेला. ट्राम जनरल मोटर्सने मारली, असं बरेच जण सांगतात. तिचा पैसा असलेल्या कंपनीने १९४५ मध्ये पिवळी ट्राम घेतली, हे खरं. पण लाल ट्रामचे बरेच मार्ग त्याआधीच बंद पडले होते, त्यामुळे मला तरी ही अर्धीच गोष्ट वाटते.

शेवटची लाल ट्राम ९ एप्रिल १९६१ ला लाँग बीच मार्गावर धावली. १९९० मध्ये तिथे पुन्हा विजेची गाडी सुरू झाली, बरीचशी त्याच जुन्या वाटेवरून. या वेळी पैसा होता लोकांनी भरलेल्या विक्रीकराचा.