नारायण मल्हार जोशी

नारायण मल्हार जोशी (जन्म: ५ जून १८७९, गोरेगाव, कुलाबा जिल्हा, मृत्यू: ३० मे १९५५) हे भारतीय कामगार चळवळीचे एक आद्य संघटक, समाजसेवक व मध्यवर्ती विधिमंडळातील कामगारांचे प्रतिनिधी होते. ना. म. जोशी या नावाने ते महाराष्ट्रात परिचित आहेत. बहुसंख्य कामगारांना मताधिकार नसलेल्या काळात त्यांची गाऱ्हाणी कायदे करणाऱ्यांपर्यंत नेणे आणि त्यांतून कायदा घडवून आणणे, हे त्यांच्या आयुष्याचे मुख्य कार्य ठरले.

प्रारंभिक जीवन

जोशी यांचा जन्म आजच्या रायगड जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. त्यांचे शिक्षण पुण्यात झाले. डेक्कन कॉलेजातून पदवी घेतल्यावर त्यांनी काही वर्षे शिक्षक म्हणून काम केले. १९०९ मध्ये ते गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजाचे सदस्य झाले. विषयाचा कसून अभ्यास करावा, आकडेवारी जमवावी आणि मग संयत भाषेत सरकारला जाब विचारावा, ही त्या संस्थेची शिस्त जोशी यांनी अखेरपर्यंत पाळली.

सोशल सर्व्हिस लीग

१९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग ही संस्था स्थापन केली. गिरणगावातील चाळींतून रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने व सहकारी पतपेढ्या असे उपक्रम या संस्थेने चालविले. सावकाराचे कर्ज, दाटीवाटीची वस्ती आणि कामाचे प्रदीर्घ तास यांचा परस्परसंबंध या कामातून जोशी यांच्या ध्यानी आला. केवळ सेवाकार्याने ही स्थिती पालटणार नाही, त्यासाठी कामगारांची संघटना आणि कायद्याचे संरक्षण दोन्ही हवीत, अशी त्यांची धारणा बनत गेली.

आंतरराष्ट्रीय परिषद व आयटकची स्थापना

१९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेस सरकारने जोशी यांना भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून पाठविले. असा प्रतिनिधी देशातील प्रातिनिधिक कामगार संघटनांच्या संमतीने निवडावा, असा नियम होता. परंतु भारतात तेव्हा देशव्यापी संघटनाच नव्हती. ही उणीव भरून काढणे हे अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या (आयटक) स्थापनेमागील एक महत्त्वाचे कारण होते. तिचे पहिले अधिवेशन लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत सुरू झाले. तिच्या संस्थापकांत जोशी होते व १९२५ ते १९२९ या काळात ते तिचे सरचिटणीस होते.

मध्यवर्ती विधिमंडळातील कार्य

१९२१ पासून जोशी मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांच्या वतीने सरकारनियुक्त सदस्य होते आणि पुढे दोन दशकांहून अधिक काळ ते तेथे राहिले. त्यांच्यामागे मतांचे बळ नव्हते. प्रश्न विचारणे, ठराव मांडणे, विधेयकांना दुरुस्त्या सुचविणे आणि सरकारी अधिकारी व निर्वाचित पक्ष या दोहोंचे मन वळविणे, एवढीच साधने त्यांच्या हाती होती.

मद्रासच्या गिरणी संपाच्या वेळी तेथील कामगार नेत्यांविरुद्ध मालकांनी उच्च न्यायालयातून मनाईहुकूम मिळविला. संघटना बांधणे हाच अपराध ठरू शकतो, हे त्यामुळे उघड झाले. मार्च १९२१ मध्ये जोशी यांनी कामगार संघटनांची नोंदणी व संरक्षण यांसाठी कायदा करावा, असा ठराव विधिमंडळात मांडला व तो संमत झाला. प्रत्यक्ष कायदा होण्यास मात्र १९२६ साल उजाडले. या कायद्याने नोंदणीकृत संघटनांना दिवाणी व फौजदारी कारवाईपासून काही प्रमाणात संरक्षण मिळाले. राजकीय कार्यासाठी ऐच्छिक वर्गणीतून स्वतंत्र निधी उभारण्याची मुभाही मिळाली.

१९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा व कारखाना कायद्यांतील सुधारणा यांच्या चर्चेत जोशी यांनी कामगारांची बाजू मांडली. स्त्री कामगारांना प्रसूतिकाळात भत्ता मिळावा यासाठी त्यांनी आणलेले विधेयक मध्यवर्ती विधिमंडळाने स्वीकारले नाही. परंतु त्या मागणीला १९२९ मध्ये मुंबई प्रांताच्या कायद्याने यश आले.

मुंबईतील गिरणी कामगार

१९२५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी वेतनात साडेअकरा टक्के कपात जाहीर केल्याने सार्वत्रिक संप झाला. संपकऱ्यांना साहाय्य मिळवून देण्यात जोशी अग्रभागी होते. सरकारने कापडावरील अबकारी कर स्थगित केल्यावर मालकांनी कपात मागे घेतली. या अनुभवानंतर १९२६ च्या आरंभी मुंबई टेक्स्टाइल लेबर युनियन स्थापन झाली व जोशी तिचे अध्यक्ष झाले. १९२८ च्या सुमारे सहा महिने चाललेल्या संपात त्यांनी साम्यवादी नेत्यांसह संयुक्त संप समितीत काम केले.

फूट व ऐक्य

१९२९ मध्ये सरकारने व्हिटले यांच्या अध्यक्षतेखाली कामगारविषयक शाही आयोग नेमला व जोशी यांनी त्याचे सदस्यत्व स्वीकारले. त्याच वर्षी नागपूर अधिवेशनात आयटकमधील बहुमताने आयोगावर बहिष्काराचा ठराव केला. परक्या सरकारच्या आयोगात बसणे म्हणजे लढा बोथट करणे, असे विरोधकांचे म्हणणे होते. तर कामगारांची बाजू नोंदविण्याची संधी दवडू नये, असे जोशी यांचे मत होते. ते व त्यांचे सहकारी आयटकमधून बाहेर पडले व त्यांनी वेगळा महासंघ स्थापन केला. आयोगाचा अहवाल १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढील काळातील अनेक कामगार कायद्यांना तो आधारभूत ठरला. फुटीमुळे चळवळ दुबळी झाली, हेही तितकेच खरे. पुढे दोन्ही गट एकत्र आले आणि १९४० ते १९४८ या काळात जोशी पुन्हा आयटकचे सरचिटणीस झाले. ज्यांच्याशी तीव्र मतभेद झाले होते, त्यांनाही त्यांचा निःपक्षपातीपणा मान्य होता.

स्मृती

३० मे १९५५ रोजी जोशी यांचे निधन झाले. मुंबईतील पूर्वीच्या डिलाइल रोडला त्यांचे नाव देण्यात आले असून गिरणगावातून जाणारा हा रस्ता आज ना. म. जोशी मार्ग म्हणून ओळखला जातो.