विश्लेषण : गॉगल लावताच पाण्याची चकाकी का जाते? कोण होते एतियेन-लुई मालुस?

भर उन्हात गळ टाकून बसलेल्याला पाण्यात मासा नव्हे, सूर्यच दिसतो. पोलराइज्ड गॉगल लावला की चकाकी बरीच ओसरते. यामागचा शोध एका फ्रेंच लष्करी अभियंत्याचा.

मालुस १७७५ मध्ये पॅरिसला जन्मले. १७९८ मध्ये नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेवर गेले. जाफा येथे त्यांना प्लेगने गाठले. ते वाचले, पण प्रकृती खालावली.

१८०८ मध्ये घरातून ते आइसलँड स्पार नावाच्या स्फटिकातून लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवर चमकणारे मावळतीचे ऊन पाहत होते. या स्फटिकातून एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. तो फिरवताच कधी एक प्रतिमा मंदावे, कधी दुसरी. काचेवरून परतलेला प्रकाश साधा नव्हता! गंमत म्हणजे मालुस प्रकाशाला कणच मानत. त्या कणांना ध्रुव असतात या कल्पनेतूनच ‘ध्रुवीकरण’ हे नाव आले.

आज आपण सांगतो ते असे : पाण्यावरून तिरपा परतणारा प्रकाश बहुतांशी आडवा कंप पावतो आणि गॉगलमधला उभा फिल्टर तो अडवतो. म्हणून घेताना चकचकीत फरशीकडे बघत गॉगल आडवा-उभा फिरवा. चकाकी कमीजास्त झाली नाही, तर ती नुसती काळी काच.

युद्ध सुरू असतानाही लंडनच्या रॉयल सोसायटीने १८१० मध्ये त्यांना रमफर्ड पदक दिले. दोनच वर्षांनी, ३६ व्या वर्षी, क्षयाने त्यांचे निधन झाले. गॉगलला लागणारी पातळ फिल्म अमेरिकेच्या एडविन लँड यांनी बनवली, ती १९२९ च्या सुमारास. आयफेल टॉवरवरील ७२ नावांत मालुस यांचेही नाव आहे.