सॅम बहादूर: मस्करी करणारा सेनापती



कोकणातल्या बहुतेक गावांत फौजेतून पेन्शनीत आलेले एक तरी आजोबा भेटतात. पडवीत बसून पोरांना हसवतात, सुनांची थट्टा करतात आणि लढाईचे विचारले की विषय मस्करीवर नेतात. घरच्यांना वाटते, यांना कशाचेच गांभीर्य नाही! त्याच पठडीतल्या, पण देशाच्या सेनापतिपदापर्यंत पोहोचलेल्या एका माणसाची २७ जून ही पुण्यतिथी. फील्ड मार्शल सॅम माणेकशॉ यांची.

सॅम यांचा जन्म ३ एप्रिल १९१४ रोजी अमृतसरला एका पारशी कुटुंबात झाला. वडील डॉक्टर. मुलालाही डॉक्टरच व्हायचे होते, तेही लंडनला जाऊन. वय लहान म्हणून वडिलांनी नकार दिला, तेव्हा रागाच्या भरात त्याने लष्करी अकादमीची परीक्षा दिली आणि १९३२ साली डेहराडूनच्या पहिल्याच तुकडीत तो दाखल झाला. चाळीस जणांची ती तुकडी. रुसव्यातून सुरू झालेली ही नोकरी पुढे चाळीस वर्षे टिकली.

लाहोरला एका समारंभात त्यांची सिलू बोडे यांच्याशी ओळख झाली. सिलू मुंबईच्या, एल्फिन्स्टन कॉलेज आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या. २२ एप्रिल १९३९ रोजी मुंबईत त्यांचे लग्न झाले. पुढच्याच वर्षी मुलगी झाली. आणि मुलगी जेमतेम दोन वर्षांची असताना सॅम ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते.

२२ फेब्रुवारी १९४२. सितांग नदीजवळच्या टेकडीवर कॅप्टन माणेकशॉ आपल्या कंपनीसह जपान्यांवर चालून गेले. टेकडी हाती आली, पण मशीनगनच्या गोळ्यांनी त्यांचे पोट आणि छाती चाळण झाली. जनरल कोवन यांनी ते पाहिले आणि स्वतःच्या छातीवरची मिलिटरी क्रॉसची फीत काढून त्यांना लावली, कारण हे पदक मेलेल्या माणसाला देता येत नसे. शेरसिंग नावाच्या त्यांच्या शीख ऑर्डर्लीने त्यांना उचलून डॉक्टरांपर्यंत नेले. हा काही वाचत नाही, म्हणून डॉक्टर हात लावायला तयार नव्हते. शेरसिंग मात्र हटला नाही. तेवढ्यात जखमीला शुद्ध आली. काय झाले, असे डॉक्टरांनी विचारताच त्याने सांगितले की खेचराने लाथ मारली. अशा अवस्थेत ज्याला थट्टा सुचते त्याला वाचवायलाच हवे, असे डॉक्टरांना वाटले. त्यांनी गोळ्या काढल्या, आतड्याचा बराचसा भाग कापून टाकला आणि माणूस जगला. मुंबईची सिलू आणि ती दोन वर्षांची पोर यांचे पुढचे सारे आयुष्य त्या शेरसिंगाच्या हट्टावर आणि त्या एका विनोदावर उभे राहिले.

पण याच जिभेने त्यांना गोत्यातही आणले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी एकदा त्यांना सेनाप्रमुख थिमय्या यांच्याविषयी मत विचारले. वरिष्ठांबद्दल मत बाळगण्याची आम्हाला सवय नाही, असे सांगून सॅम मोकळे झाले. पुढे १९६१ च्या सुमारास ते वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजचे प्रमुख असताना त्यांच्या थट्टेतल्या बोलण्यावरून देशनिष्ठेचीच चौकशी लागली. बढती अडली. आपल्या माणसाचा विनोद त्याच्याच विरुद्ध पुरावा म्हणून वाचला जातो, तेव्हा घरातल्या बाईने काय सोसले असेल! चौकशीत ते निर्दोष ठरले. १९६२ च्या पराभवानंतर खचलेल्या सैन्याला सावरायला त्यांनाच तेजपूरला पाठवण्यात आले. पहिल्याच हुकुमात त्यांनी बजावले, की लेखी आदेशाशिवाय कुणी माघार घ्यायची नाही, आणि तसा आदेश कधीच निघणार नाही.

सॅम बहादूर हे नाव त्यांना गोरख्यांनी दिले. एका गोरखा जवानाला त्यांनी सेनाप्रमुखाचे नाव विचारले, त्याने सॅम बहादूर म्हणून ठोकून दिले. ते नाव सॅमनी आनंदाने मिरवले.

१९७१ च्या एप्रिलमध्ये पंतप्रधान इंदिरा गांधींना पूर्व पाकिस्तानात लगेच सैन्य हवे होते. सॅमनी भर बैठकीत नाही म्हटले. पावसाळा तोंडावर होता, तिकडच्या नद्या समुद्रासारख्या फुगतात, रणगाडे तयार नव्हते. हवा असेल तर प्रकृतीच्या कारणावर राजीनामा देतो, असेही त्यांनी सांगितले. बाईंनी ऐकून घेतले, हा त्यांचाही मोठेपणा. डिसेंबरात तेरा दिवसांत युद्ध संपले आणि सुमारे ९३,००० जण कैदी झाले. या युद्धावरही सॅमचा विनोद होताच. फाळणीच्या वेळी याह्याखान त्यांची मोटारसायकल हजार रुपयांना घेऊन गेले होते, पैसे कधी आलेच नाहीत. त्यापोटी अर्धा देश मिळाला, असे ते रंगवून सांगत.

जानेवारी १९७३ मध्ये ते फील्ड मार्शल झाले आणि त्याच महिन्यात निवृत्तही. मग एका मुलाखतीतली थट्टा अंगाशी आली. १९४७ साली पाकिस्तानात गेलो असतो तर तेच जिंकले असते, असे ते म्हणाल्याचे छापून आले आणि काहूर माजले. फील्ड मार्शलच्या हुद्द्याप्रमाणे मिळायचा पगारही तीसहून अधिक वर्षे थकला. एक कोटीहून जास्त रकमेचा चेक २००७ साली हातात पडला, तेव्हा ते ९३ वर्षांचे होते. तोवर सिलूबाई जाऊन सहा वर्षे झाली होती.

या साऱ्या काळात सॅम कुन्नूरला स्टाव्का नावाच्या आपल्या घरी, बागेत, मुली-नातवंडांच्या येण्याजाण्यात राहिले. २७ जून २००८ रोजी वेलिंग्टनच्या लष्करी इस्पितळात न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्काराला तिन्ही दलांपैकी एकाही दलाचे प्रमुख आले नाहीत, याची पुढे बरीच चर्चा झाली. मुली आणि कुटुंबीय मात्र होते. ऊटीच्या पारशी दफनभूमीत त्यांची कबर आहे, सिलूबाईंच्या शेजारी.