आबिदा सुलतान : भोपाळची खेळाडू राजकन्या

आपल्या भोपाळच्या मोठ्या तलावाकाठी, कोहेफिझाच्या उंचवट्यावर, ‘नूर-उस-सबाह’ नावाची एक देखणी वास्तू उभी आहे. नूर-उस-सबाह म्हणजे पहाटेचा प्रकाश. आज तेथे हॉटेल आहे, आणि लग्नसराईत दिव्यांच्या माळांनी ते झगमगत असते. परंतु हा महाल नवाब हमीदुल्ला खान यांनी आपल्या थोरल्या कन्येसाठी बांधविला होता. गोव्याकडून मी या शहरात आले तेव्हा त्या कन्येचे नावही मला ठाऊक नव्हते. शाळेच्या मैदानावर सॉफ्टबॉल खेळून धुळीने माखलेली एक विद्यार्थिनी एकदा मला विचारू लागली की, पूर्वी येथल्या बायका काही खेळत असत काय? त्या प्रश्नाने मला आबिदा सुलतान यांच्या चरित्राकडे वळविले.

आबिदा यांचा जन्म २८ ऑगस्ट १९१३ रोजी भोपाळ येथे झाला. १८१९ पासून १९२६ पर्यंत, मधली थोडी वर्षे वगळता, या संस्थानावर चार बेगमांनी एकामागून एक राज्य केले, हे भोपाळच्या मुलांना सांगावयास नकोच. त्यांतील शेवटच्या सुलतान जहाँ बेगम या आबिदाच्या आजी. त्यांनीच या नातीला वाढविले. आजीचा शिरस्ता कडक होता. पहाटे उठणे, कुराणपठण, मग अभ्यास, घोडेस्वारी, नेमबाजी. राजकन्या असली तरी केर काढण्यापासून घरकामाची सवय तिला लावण्यात आली. मात्र मुलगी म्हणून कोणताही खेळ तिला वर्ज्य नव्हता. झाडावर चढावे, घोडा फेकावा, मुलांच्या बरोबरीने पळावे, कोणी अडवीत नसे. स्वतः बुरख्यात वावरणाऱ्या आजीने नातीला असे मोकळे सोडावे, ही विसंगती मला फार विलोभनीय वाटते. पुढे नात तेरा वर्षांची झाली, आणि आता पडदा पाळावा असे आजीने ठरविले, तेव्हा त्याच नातीने साफ नकार दिला. वडिलांनी मुलीची बाजू घेतली. बंड करण्याचे बळ आजीच्याच शिस्तीतून आले होते, हे आजीलाही उमगले असावे.

याच सुमारास गादीचा प्रश्न उभा राहिला होता. १९२४ या एकाच वर्षी बेगमांचे दोन थोरले पुत्र वारले. थोरल्या पुत्राच्या मुलाऐवजी आपला धाकटा पुत्र हमीदुल्ला यास वारस मानावे, म्हणून त्या लंडनला गेल्या आणि नातींनाही बरोबर घेऊन गेल्या. दावा मान्य झाला. १९२६ मध्ये बेगमांनी राज्यत्याग केला, हमीदुल्ला नवाब झाले, आणि १९२८ मध्ये आबिदा यांना गादीची वारस म्हणून मान्यता मिळाली. त्या वेळी त्यांचे वय अवघे पंधरा वर्षांचे होते.

या घराण्याला खेळाचे वेडच होते. हमीदुल्ला खान पोलो खेळत, आणि १९३५ ते १९३७ या काळात ते भारताच्या क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. आबिदा हॉकी खेळल्या, पोलो खेळल्या, स्क्वॉश खेळल्या. मोटार तर त्या भरधाव हाकीत. १९४२ मध्ये त्यांनी विमानचालनाचा परवाना मिळविला. शिकारीत त्यांनी ७३ वाघ मारले असे सांगतात. तो आकडा लिहिताना माझी लेखणी अडखळते, कारण आज रातापानीच्या जंगलात एका वाघाचे दर्शन झाले तरी आपण धन्य होतो. असो, तो काळ निराळा होता.

साधारण याच वर्षांत अमेरिकेत बेब डिड्रिकसन नावाची एका सुताराची मुलगी गाजत होती. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भालाफेक आणि ८० मीटर अडथळ्यांची शर्यत तिने जिंकली. बास्केटबॉल, बेसबॉल, सॉफ्टबॉल, गोल्फ, तिने खेळावयाचे काय सोडले होते? वयाने ती आबिदांहून दोन वर्षांनी मोठी. एक नवाबाची लेक, दुसरी सुताराची. दोघींची कधी गाठ पडण्याचे कारण नव्हते. तथापि बाईमाणसाने इतके धावावे कशाला, हा प्रश्न दोघींच्याही पाठीस लागलेला होता.

राजवाड्यातील सुखाला एक काळी बाजूही होती. आबिदा यांचा विवाह १९२६ मध्ये कुरवाईचे नवाब सरवर अली खान यांच्याशी झाला. १९३३ मध्ये त्या सासरी नांदावयास गेल्या, परंतु संसार जमला नाही आणि त्या माहेरी परतल्या. १९३४ मध्ये पुत्र शहरयार जन्मला. मूल कोणाकडे राहणार, यावरून वाद पेटला. मार्च १९३५ मधील एका रात्री या तरुण मातेने स्वतः मोटार हाकीत कुरवाई गाठली. भरलेले पिस्तूल तिने पतीच्या पुढ्यात टाकले आणि सांगितले की, एक तर मला ठार करा, नाही तर मी तुम्हांला ठार करीन. मूल मात्र मी देणार नाही. गोळी सुटली नाही. मुलगा आईकडेच राहिला. हा प्रसंग अनुकरणासाठी सांगितलेला नाही, हे विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे. परंतु तो गाळला तर चरित्र खोटे होईल.

आता १९४९ सालाकडे येऊ. त्या वर्षी १ जून रोजी भोपाळ संस्थानाचा कारभार भारत सरकारच्या हाती गेला. जी गादी मिळविण्यासाठी आजी सातासमुद्रापार गेली होती, तिच्यामागचे राज्यच उरले नाही. आणि त्याच १९४९ साली आबिदा सुलतान अखिल भारतीय महिला स्क्वॉश विजेत्या ठरल्या. स्क्वॉश हा चार भिंतींच्या आत, एका लहानशा रबरी चेंडूने खेळण्याचा दमछाक करणारा खेळ. भिंतीवरून उसळलेला चेंडू दुसऱ्यांदा जमिनीला टेकण्यापूर्वी गाठावाच लागतो. तेथे मानपानाला थारा नाही. प्रतिस्पर्धी खेळाडू चेंडू कोपऱ्यात टाकताना समोर कोणाची कन्या आहे, हे पाहत नाही. आबिदा तेव्हा छत्तीस वर्षांच्या घरात होत्या. जन्माने आलेली पदवी हातून निसटत असता, स्वतःच्या पायांनी आणि मनगटाने मिळविलेली ही एक पदवी त्यांच्यापाशी आली.

पुढल्याच वर्षी, १९५० मध्ये, त्या पाकिस्तानात गेल्या. वडील, आई आणि बहिणी भारतातच होत्या. हा निर्णय त्यांनी का घेतला याविषयी येथील जुन्या घरांतून आजही मतभेद ऐकू येतात, आणि मला स्वतःला तो पटत नाही. कराचीजवळ मलीर येथे त्यांनी घर बांधले. १९५४ मध्ये ब्राझीलमधील पाकिस्तानच्या राजदूत म्हणून त्यांची नेमणूक झाली. १९६० मध्ये हमीदुल्ला खान वारले. थोरली कन्या परदेशी झालेली असल्यामुळे १९६१ मध्ये धाकटी बहीण साजिदा सुलतान यांना भोपाळच्या नवाब बेगम म्हणून मान्यता देण्यात आली.

साजिदा यांचे पुत्र मन्सूर अली खान पतौडी भोपाळातच जन्मले, आणि १९६२ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, भारताच्या क्रिकेट संघाचे कर्णधार झाले. आबिदा यांचे शहरयार, ज्यांच्यासाठी एका रात्री ती मोटार कुरवाईकडे धावली होती, पाकिस्तानचे परराष्ट्र सचिव झाले, आणि १९९९ मध्ये त्या देशाच्या क्रिकेट संघाचे व्यवस्थापक म्हणून भारताच्या दौऱ्यावर आले. तेव्हा आबिदा मलीरच्या घरी होत्या, वय पंच्याऐंशी. ११ मे २००२ रोजी कराची येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांनी इंग्रजीत लिहिलेले आत्मचरित्र त्यानंतर दोन वर्षांनी, २००४ मध्ये, प्रसिद्ध झाले.